विसर्जनाचे वचन देणारा पक्ष : अमेरिकेतील सोशलिस्ट लेबर पार्टी

पानगळ

अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल वाचताना दोन मोठ्या पक्षांखाली ‘इतर’ नावाचा जो रकाना असतो, त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. त्या रकान्यात १८९२ पासून १९७६ पर्यंत, एकही निवडणूक न चुकवता, सोशलिस्ट लेबर पार्टीचा उमेदवार उभा होता. अध्यक्षपदासाठी त्याला मिळालेली सर्वाधिक मते सुमारे ५३ हजार, आणि तीही १९७२ साली, म्हणजे पक्ष उताराला लागून कित्येक वर्षे लोटल्यावर. एवढ्याशा पक्षावर धागा काढण्याचे कारण अर्थातच ही मते नव्हेत. निवडून आल्यावर काय करणार, या प्रश्नाला या पक्षाने जे उत्तर दिले ते मला अन्यत्र कोठे वाचायला मिळालेले नाही. आम्ही सरकार चालवणार नाही, आहे ती राज्यसंस्था बरखास्त करू आणि तिच्याबरोबर पक्षाचेही विसर्जन करू, असे तो सांगत असे.

सुरुवात १८७६ च्या जुलैत फिलाडेल्फियात झाली. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त तेथे मोठे प्रदर्शन भरले होते. मार्क्सच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे मुख्य कार्यालय १८७२ नंतर न्यूयॉर्कला हलवलेले होते. त्या संघटनेने त्याच शहरात, त्याच महिन्यात आपले काम कायमचे गुंडाळले आणि लागलीच तिचे अमेरिकेतील अनुयायी व इतर समाजवादी गट एकत्र येऊन ‘वर्किंगमेन्स पार्टी ऑफ द युनायटेड स्टेट्स’ स्थापन झाली. एकी झाली खरी, पण पाळण्यातच भांडण होते. मार्क्सला मानणारे म्हणत की आधी कामगार संघटना बांधा, निवडणुकीचे पुढे पाहू. जर्मन नेता लासाल याला मानणारे म्हणत की आधी मतपेटी. पुढील सव्वाशे वर्षे हा पक्ष या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला, असे म्हटले तरी चालेल.

दुसऱ्याच वर्षी रेल्वे कामगारांचा देशव्यापी संप झाला. सेंट लुईस शहरात तो सार्वत्रिक बंद झाला आणि काही दिवस शहराचा कारभार व्यवहारात या पक्षाच्या पुढाकाराने बनलेल्या संप समितीच्या हाती होता; मग पोलीस आणि फौज आली आणि पुढाऱ्यांना पकडून नेण्यात आले. त्या वर्षाअखेरीस नेवार्कच्या अधिवेशनात पक्षाचे नाव बदलून सोशलिस्ट लेबर पार्टी झाले. नाव इंग्रजी असले तरी सभासद बहुतेक जर्मन स्थलांतरित होते, सभा जर्मनमध्ये चालत आणि वृत्तपत्रे जर्मनमध्ये निघत. एंगल्सने १८८७ साली आपल्या पुस्तकाच्या अमेरिकन आवृत्तीला लिहिलेल्या प्रस्तावनेत या लोकांना स्पष्टच सुनावले की, तुम्ही अल्पसंख्य आणि परके आहात, तेव्हा अमेरिकनांकडे तुम्हीच गेले पाहिजे आणि त्यासाठी सर्वांत आधी इंग्रजी शिकले पाहिजे. अमेरिकेत जन्मलेला पहिला सरचिटणीस फिलिप व्हॅन पॅटन तर १८८३ साली आत्महत्येची चिठ्ठी ठेवून नाहीसा झाला आणि पुढे एका सरकारी नोकरीत जिवंत आढळला! पक्षाची तेव्हाची अवस्था समजण्यास हा एक प्रसंग पुरेसा आहे.

पक्षाला स्वतःचा आवाज मिळाला तो डॅनियल डे लिऑन आल्यावर. जन्म १८५२ चा, कॅरिबियन समुद्रातील कुरासाव या डच बेटावर, ज्यू कुटुंबात. शिक्षण युरोपात, मग न्यूयॉर्कच्या कोलंबियात कायद्याची पदवी आणि तेथेच १८८३ ते १८८९ अशी सहा वर्षे आंतरराष्ट्रीय कायद्याचे अध्यापन. असे सांगतात की, एकदा रस्त्यावरून घोडागाड्यांच्या ट्रामचे विजयी संपकरी मिरवत जात असताना सहकारी प्राध्यापक खिडकीतून त्यांची टवाळी करू लागले, तेव्हा हा गृहस्थ संतापला आणि कामगारांच्या बाजूला गेला. १८८६ च्या न्यूयॉर्क महापौरपदाच्या निवडणुकीत त्याने जमिनीवरील एकमेव कराचा पुरस्कर्ता हेन्री जॉर्ज याचा प्रचार केला. १८९० साली तो सोशलिस्ट लेबर पार्टीत आला आणि दोन वर्षांत ‘द पीपल’ या मुखपत्राचा संपादक झाला. मरेपर्यंत, म्हणजे १९१४ पर्यंत, तो संपादकच राहिला. सरचिटणीसपद दुसऱ्यांकडे असे, पण पक्ष चालत असे तो अग्रलेखांवर.

त्याच्या लिखाणाचा एक मासला देतो. १८९६ साली बोस्टनच्या व्याख्यानात सुधारणा आणि क्रांती यांतील भेद सांगताना त्याने पूडल जातीच्या कुत्र्याचे उदाहरण घेतले. या कुत्र्याचे सगळे अंग भादरून शेपटाच्या टोकाला तेवढा गोंडा ठेवा, दोन्ही कानांना भोके पाडून एकात निळी आणि एकात तांबडी फीत बांधा, गळ्यात आपल्या नावाची अक्षरे कोरलेला पितळी पट्टा घाला, पाठीवर झूल टाका. एवढे करूनही तो पूडलचा पूडलच. डे लिऑनच्या मते सुधारणा म्हणजे ही सजावट, आणि क्रांती म्हणजे आतील यंत्रणाच बदलणे. मग ती शांततेने बदलली की रक्तपाताने, याचा त्या व्याख्येशी संबंध नाही.

दोन वर्षांनी, फेब्रुवारी १८९८ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधील न्यू बेडफर्ड या कापडगिरण्यांच्या गावी, नगरभवनात तो संपावर असलेल्या गिरणी कामगारांपुढे उभा राहिला. मजुरीत दहा टक्के कपात झाली म्हणून हे लोक भर हिवाळ्यात घरी बसले होते. कपात मागे घ्यायला लावू, असे आश्वासन त्याने दिले नाही. मालकाचा नफा येतो कोठून, तुमची मजुरी जाते कोठे, आणि हेच कळले नसल्यामुळे तुम्ही दर काही वर्षांनी संप करून हरता, हे त्याने त्यांना शांतपणे समजावून सांगितले. उपाशी माणसांना अर्थशास्त्राचा धडा देणे हे धैर्य म्हणावे की निष्ठुरपणा, याचा निर्णय मला आजही करता आलेला नाही.

या विचारातून दोन निर्णय झाले. सॅम्युअल गॉम्पर्सच्या नेतृत्वाखालील अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबर या कामगार संघटनांच्या मोठ्या महासंघात शिरून ती आतून बदलणे अशक्य आहे, असे ठरवून पक्षाने १८९५ साली स्वतःची वेगळी कामगार संघटना काढली. प्रस्थापित कामगार पुढाऱ्यांना ‘द पीपल’मध्ये ‘लेबर फकीर’ म्हणत. भोंदू या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी उच्चार जुळतो म्हणून आपला बिचारा फकीर तेथे जाऊन बदनाम झाला. या धोरणावरून १० जुलै १८९९ च्या रात्री न्यूयॉर्कच्या कार्यालयाचा ताबा घेण्यासाठी विरोधी गट आला, मारामारी झाली, पोलीस आले आणि प्रकरण न्यायालयात गेले. नाव आणि वृत्तपत्र डे लिऑनच्या गटाकडे राहिले. मॉरिस हिलक्विट वगैरे बाहेर पडलेल्या मंडळींनी, ज्यांना डे लिऑन ‘कांगारू’ म्हणत असे, १९०१ मध्ये रेल्वे कामगारांचा पुढारी युजीन डेब्स याच्याबरोबर सोशलिस्ट पार्टी ऑफ अमेरिका काढली. दरम्यान १९०० सालच्या अधिवेशनात दुसरा आणि माझ्या मते निर्णायक ठराव झाला: जाहीरनाम्यातील सर्व तात्कालिक मागण्या काढून टाकण्यात आल्या. कामाचे तास, नगरपालिकेची ट्राम, स्त्री-पुरुषांना समान वेतन, सगळे गेले. राहिली ती एकच मागणी, भांडवलशाहीने बिनशर्त शरण यावे.

आता मूळ कल्पनेकडे येतो. १९०५ च्या जूनमध्ये शिकागोत इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड ही, सर्व उद्योगांतील कामगारांना एकत्र आणू पाहणारी, संघटना स्थापन झाली. बिल हेवूड, डेब्स, मदर जोन्स, ल्युसी पार्सन्स आणि डे लिऑन हे सगळे एका व्यासपीठावर होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत मिनियापोलिसच्या व्याख्यानात त्याने आपला आराखडा मांडला. आजची प्रतिनिधिगृहे भूभागावर उभी आहेत, अमुक जिल्ह्याचा एक सदस्य. उद्याचे प्रतिनिधित्व उद्योगावर असेल: खाण, रेल्वे, कापड, शेती, शिक्षण, प्रत्येकातील कामगार आपापल्या कामाच्या जागी प्रतिनिधी निवडतील आणि त्यांची परिषद उत्पादनाचे नियोजन करील. जेथे या संघटनेचे मध्यवर्ती मंडळ बसेल तीच देशाची राजधानी, असे तो म्हणाला. मतपेटीचे काम एवढेच की लोकांचा कौल शांततेने नोंदला जावा आणि जुन्या राज्यसंस्थेचा ताबा घेऊन तिला कुलूप लावावे. त्या कौलामागे कारखाने चालवू शकणारी संघटना नसेल तर कौल पोकळ ठरेल. आणि संघटना असूनही कौल नसेल तर रक्तपात होईल. एक हात मतपेटीवर आणि एक हात यंत्रावर, असे हे दोन हातांचे तत्त्व होते. काम झाले की राजकीय हाताने गळून पडावे, कारण तो पक्ष उरला तर नव्या सत्ताधाऱ्यांचा अड्डाच होईल. १९०५ साली हे लिहिणारा माणूस पुढील शतकाविषयी पुष्कळ काही सांगून गेला, असे मला वाटते.

माझे म्हणणे थोडक्यात असे की, पक्ष लहान राहिला तो दडपशाहीमुळे नव्हे. १९०० सालच्या त्या ठरावाने त्याने लहान राहणे स्वतःच पत्करले. आणि आज तो वाचावासा वाटतो तोही त्याच ठरावामुळे. जाणकारांनी खंडन करावे.


शंकासुर

पानगळ यांचा लेख मन लावून वाचला, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही. तात्कालिक मागण्या सोडल्या म्हणून पक्ष लहान राहिला असे म्हणावे, तर ज्यांनी त्या सोडल्या नाहीत त्यांचे काय झाले, हे पाहावे लागेल. डेब्सच्या सोशलिस्ट पार्टीच्या जाहीरनाम्यात मागण्यांची भली मोठी यादी असे. १९१२ मध्ये त्यांना नऊ लाखांवर, म्हणजे सुमारे सहा टक्के मते पडली. १९२० मध्ये डेब्स अटलांटाच्या तुरुंगातून उभा राहिला आणि तेव्हाही नऊ लाखांवर मते पडली. तरीही मधल्या काळात युद्धविरोधी भाषणांवरचे खटले, रशियन क्रांतीनंतर १९१९ मध्ये झालेली कम्युनिस्टांची फूट आणि पुढे १९३० च्या दशकात अध्यक्ष रूझवेल्टच्या न्यू डील या सरकारी सुधारणा योजनेने पळवलेला कार्यक्रम, यांत तो पक्षही आटून गेला.

ज्या देशात सर्वाधिक मते मिळवणारा एकटाच सगळे घेऊन जातो, आणि प्रत्येक राज्यात नुसते मतपत्रिकेवर नाव येण्यासाठी वेगवेगळ्या नियमांनी सह्या गोळा कराव्या लागतात, तेथे तिसऱ्या पक्षाचा जाहीरनामा शुद्ध आहे की मिश्र, याने फारसा फरक पडत नाही. मिनेसोटात तर सोशलिस्ट लेबर पार्टीला ‘इंडस्ट्रियल गव्हर्नमेंट’ अशा वेगळ्याच नावाखाली उमेदवार उभे करावे लागले. अशा अडचणींचा उल्लेख तुमच्या लेखात कोठेच नाही.


पानगळ

आक्षेप रास्त आहे आणि मतपत्रिकेच्या नियमांविषयी मी लिहायला हवे होते. मात्र दोन्ही पक्ष आटले म्हणून दोघांचे आटणे सारखे ठरत नाही. सोशलिस्ट पार्टीने मिलवॉकी शहर चालवले: १९१० मध्ये एमिल सायडेल महापौर झाला, डॅनियल होन १९१६ पासून १९४० पर्यंत महापौर होता आणि फ्रँक झाइडलर १९४८ ते १९६० पर्यंत. सांडपाण्याच्या नळांच्या आणि स्वच्छ कारभाराच्या गोष्टी ते इतक्या सांगत की त्यांच्याच पक्षातील न्यूयॉर्ककर त्यांना ‘गटारवाले समाजवादी’ म्हणून हिणवत. पण ती गटारे बांधली गेली. न्यू डीलने कार्यक्रम पळवला असे आपण म्हणता, त्यासाठी पळवण्याजोगे काही तरी असावे लागते. सोशलिस्ट लेबर पार्टीकडून कोणाला काही चोरताच येणार नव्हते, कारण तिची मागणी एक तर संपूर्ण मान्य होणार किंवा मुळीच नाही. मला कुतूहल आहे ते या गोष्टीचे.


हिशेबनीस

मी तीस वर्षे एका बँक कर्मचारी संघटनेत वेतन कराराचे काम केले आहे, त्यामुळे या पक्षाच्या इतिहासातील एका वादाकडे लक्ष वेधतो, जो मुख्य लेखात आलेला नाही.

आयर्लंडचा जेम्स कॉनोली, ज्याला १९१६ च्या ईस्टर उठावानंतर ब्रिटिशांनी गोळ्या घातल्या, तो १९०२ मध्ये या पक्षाच्या निमंत्रणावरून अमेरिकेत व्याख्यानांच्या दौऱ्यावर आला आणि पुढच्या वर्षी तेथेच राहायला गेला. १९०४ मध्ये त्याने ‘द पीपल’ला एक पत्र लिहिले. त्यात तीन तक्रारी होत्या: पक्षाचे वक्ते म्हणतात की मजुरी वाढली की भाव तेवढेच वाढतात, तेव्हा मजुरीवाढीला अर्थ नाही, हे मार्क्सच्या विरुद्ध आहे, विवाहसंस्थेविषयीचे लेख कामगारांना दूर लोटतात, आणि धर्मावरील टीका अनाठायी आहे. मार्क्सने स्वतः १८६५ साली एका व्याख्यानात, मजुरीवाढ भाववाढीत जिरून जाते हे मत खोडून काढले होते, आणि या मुद्द्यावर कॉनोली निःसंशय बरोबर होता. डे लिऑनने पत्र छापले, पण खाली असे झणझणीत उत्तर दिले की पक्षात कॉनोलीची बाजू घेणारे थोडेच उरले.

टेबलावर बसून करार केलेल्या माणसाला हा वाद पुस्तकी वाटत नाही. भाव वाढणारच आहेत, म्हणून मजुरी मागू नका, असे म्हणणारा पुढारी कामगारांसमोर दुसऱ्या दिवशी उभा राहू शकत नाही. त्यावर आमच्याकडे निघालेला मार्ग म्हणजे निर्देशांकाला बांधलेला महागाई भत्ता: भाव वाढले तर पगारही आपोआप वाढावा. तो मार्ग अपुरा आहे, त्यातून कोणाची गुलामी सुटत नाही, हे डे लिऑनचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु ज्या सभासदाच्या घरात महिनाअखेरीस चारशे रुपये कमी पडतात, त्याची वर्गणी संघटनेकडे येते ती त्या चारशे रुपयांसाठी. आराखडा त्याला नंतर समजावता येतो. न्यू बेडफर्डच्या व्याख्यानाविषयी पानगळ यांनी विचारलेल्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर निष्ठुरपणा असेच आहे.


सह्याद्रीपलीकडे

थोडे अवांतर. डे लिऑनने ज्या कोलंबियात शिकवले तेथेच १९१३ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर गेले. म्हणजे मध्ये चोवीस वर्षांचे अंतर, त्यामुळे थेट संबंध जोडू नये. पण विद्यापीठ तेच. दुसरे असे की गदर चळवळीचे लाला हरदयाळ सॅन फ्रान्सिस्कोत इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्डच्या शाखेचे काही काळ चिटणीस होते. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजेही त्याच किनाऱ्यावर गदरच्या कामात होते. तेव्हा या पक्षाचे विचार आपल्या क्रांतिकारकांपर्यंत पोहोचले होते, असे म्हणता येईल का?


तळटीप

सह्याद्रीपलीकडे यांच्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी द्यावे लागेल, कारण हरदयाळ ज्या संघटनेत होते तिने डे लिऑनला त्याआधीच, १९०८ मध्ये, दारातून परत पाठवले होते. हा प्रसंग मुख्य लेखात यायलाच हवा होता असे मला वाटते, कारण पक्षाचा आदर्श त्याच्याच प्रवर्तकावर कसा उलटला, हे त्यात दिसते.

१९०८ च्या अधिवेशनासाठी पश्चिम किनाऱ्यावरून वीसेक कामगार पोर्टलंडहून शिकागोला निघाले. तिकिटाला पैसे नव्हते, म्हणून ते मालगाड्यांच्या डब्यांतून चोरून प्रवास करीत आले. अंगात निळ्या जाड्या कापडाच्या कामगारी विजारी, काळे सदरे, गळ्याला तांबडे रुमाल. वाटेत गावोगाव सभा घेऊन, गाणी म्हणून आणि गाण्यांचे छापील कागद विकून त्यांनी खाण्यापुरते पैसे मिळवले. हे लोक लाकूडतोडे, हंगामी शेतमजूर, खाणीत आज एके ठिकाणी तर उद्या दुसरीकडे जाणारे. त्यांच्यातील पुष्कळांना कोठे वर्षभर राहता न आल्याने मतदार यादीत नावच नसे. मतपेटी हा सुसंस्कृत मार्ग आहे, असे त्यांना सांगणे म्हणजे बेघराला दाराच्या कडीकोयंड्याचे महत्त्व पटवण्यासारखे होते. डे लिऑनने त्यांना भणंग ठरवून त्यांची हेटाळणी केली, आणि ती त्याला महागात पडली.

अधिवेशनात डे लिऑनच्या प्रतिनिधित्वालाच हरकत घेण्यात आली. तो कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या स्थानिक संघटनेचा प्रतिनिधी म्हणून आला होता. हरकत अशी होती की, हा गृहस्थ वृत्तपत्राचा संपादक आहे, तेव्हा त्याने मुद्रण उद्योगाच्या संघटनेत असले पाहिजे. दुसऱ्या उद्योगाचा प्रतिनिधी तो होऊ शकत नाही. माणसाचे प्रतिनिधित्व तो राहतो कोठे यावरून नव्हे, तर काम कोणत्या उद्योगात करतो यावरून ठरावे, हे तत्त्व त्याने स्वतः देशभर फिरून सांगितले होते. त्याच तत्त्वाच्या आधारे त्याला जागा नाकारण्यात आली. हे निमित्त होते हे उघड आहे, खरा राग मतपेटीवर होता. लगोलग संघटनेच्या प्रास्ताविकातून राजकीय कृतीचा उल्लेखही काढून टाकण्यात आला. पण निमित्त किती नेमके निवडले होते, याची दाद द्यावी लागते.

बाहेर पडलेल्यांनी डेट्रॉईटमध्ये त्याच नावाची समांतर संघटना चालवली, १९१५ मध्ये तिचे नाव बदलले आणि १९२० च्या दशकाच्या मध्यावर ती बंद पडली. म्हणजे तेव्हापासून पक्षाकडे दोन हातांपैकी यंत्रावरचा हात उरलाच नाही. पुढील पन्नास वर्षे तो मतदारांना सांगत राहिला की, आम्हाला मत द्या, पण त्याआधी तुमच्या कारखान्यात अशी एक संघटना बांधा, जी आज कोठेही अस्तित्वात नाही.


शंकासुर

तळटीप यांच्या शेवटच्या वाक्याने माझा आक्षेप बराच सैल झाला. आता एक शंका. सोव्हिएट म्हणजेही कामाच्या जागेवरून निवडलेल्या प्रतिनिधींची मंडळेच. मग रशियन क्रांतीनंतर या पक्षाने कम्युनिस्टांशी हातमिळवणी का केली नाही? आणि यांच्या आराखड्यात पैसा राहणार नव्हता म्हणतात, तर पैशाऐवजी काय देणार होते, तेही कोणी सांगावे.


पानगळ

१९१७ नंतर पक्षातील मंडळी मोठ्या अभिमानाने सांगत की, लेनिनने डे लिऑनची प्रशंसा केली आहे आणि सोव्हिएटची कल्पना त्याच्या आराखड्याशी जुळते. तरीही कम्युनिस्ट इंटरनॅशनलमध्ये, म्हणजे मॉस्कोच्या नेतृत्वाखालील कम्युनिस्ट पक्षांच्या जागतिक संघटनेत, ते गेले नाहीत. रशिया मागासलेला शेतीप्रधान देश आहे, तेथील डावपेच अमेरिकेसारख्या पूर्ण औद्योगिक देशाला लागू नाहीत, आणि मूठभरांच्या पक्षाने कामगारांच्या नावाने सत्ता धरून ठेवणे हा समाजवाद नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. प्रारंभी रशियाविषयी सहानुभूती होती. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ती संपली आणि मग मुखपत्रात सोव्हिएट रशियाला नोकरशाहीची हुकूमशाही म्हटले जाऊ लागले. सरकारी मालकी म्हणजे समाजवाद, ही समजूत त्यांना भांडवलशाहीइतकीच घातक वाटे. टपालखाते सरकारचे आहे म्हणून टपाल्याचा साहेब नाहीसा झाला का, असा त्यांचा रोख असे.

पैशाऐवजी श्रमाच्या तासांच्या पावत्या मिळणार होत्या. जितका वेळ काम केले तितक्या वेळाच्या श्रमाच्या वस्तू, सामाईक खर्चाचा वाटा वजा करून, घ्यायच्या. पावती एकदाच वापरायची, ती फिरत राहणार नाही आणि साठवून तिच्यावर व्याज मिळणार नाही. खाणीतला एक तास आणि कचेरीतला एक तास सारखा धरायचा की नाही, यावर पक्षाचे उत्तर असे की ते त्या वेळचे कामगार ठरवतील. एरवी सगळ्याचा नकाशा काढून ठेवणारे लोक येथे मात्र मोघम होतात, आणि हिशेबनीस यांनी नेमके येथेच पकडावे अशी माझी अपेक्षा आहे.


हिशेबनीस

पकडतो. त्या एका तासाच्या दरावरून कराराच्या बैठका पहाटेपर्यंत चाललेल्या मी पाहिल्या आहेत. श्रेणी कोणती, जोखमीचा भत्ता किती, रात्रपाळीला काय, यावर भाऊ भावाशी बोलेनासा होतो. मालक गेल्याने ही भांडणे मिटतील असे मानणारा माणूस संपादक असणार, हे ओळखायला अधिकारपत्र तपासण्याची गरज नव्हती.


वाचनमात्र

एरवी मी केवळ वाचन करते, पण येथे राहवले नाही. या पक्षाच्या निशाणीवर हातोडा धरलेला हात आहे. आमच्याकडे खाण्याच्या सोड्याच्या पिवळ्या-तांबड्या डब्यावर तेच चित्र असते. दोघांचा काही संबंध आहे का?


तळटीप

संबंध नाही. हातोडा उगारलेला बाहू ही कारागीर आणि लोहार यांची जुनी खूण आहे. सोड्याच्या कंपनीने ती आपल्या परीने घेतली आणि पक्षाने आपल्या परीने. मात्र एक गंमत सांगण्यासारखी आहे. तेल व्यवसायातील कोट्यधीश आर्मंड हॅमर याचे वडील डॉ. ज्युलिअस हॅमर हे सोशलिस्ट लेबर पार्टीचे कार्यकर्ते होते आणि मुलाचे नाव त्यांनी पक्षाच्या या निशाणीवरून ठेवले, असे सांगितले जाते. इंग्रजीत ‘आर्म अँड हॅमर’ आणि ‘आर्मंड हॅमर’ मोठ्याने म्हणून पाहावे. पक्षाच्या निशाणीचे नाव अमेरिकेतील सर्वांत ठाऊक असलेल्या भांडवलदारांपैकी एकाने आयुष्यभर वागवले.


दक्षिणउपसागर

पक्षाचा शेवट कसा झाला, ते कोणी लिहील का? मी बारा वर्षे कॅलिफोर्नियातील सनीव्हेलला राहतो आणि एका ओळखीच्या ग्रंथपालांकडून ऐकले की यांचे कार्यालय कधी काळी आमच्याच गावात होते.


पानगळ

बरोबर ऐकलेत. डे लिऑनच्या मृत्यूच्या वर्षी, १९१४ मध्ये, आर्नल्ड पीटरसन नावाचा डेन्मार्कमध्ये जन्मलेला गृहस्थ सरचिटणीस झाला आणि १९६९ पर्यंत, म्हणजे पंचावन्न वर्षे, त्याच खुर्चीवर होता. त्याने पक्षाचे पुस्तकभांडार जपले, डे लिऑनची व्याख्याने पुन्हा पुन्हा छापली आणि जो कोणी एका ओळीनेही वेगळे बोलला त्याला बाहेर काढले. कधी कधी संपूर्ण शाखाच बाहेर जात असे. साठीच्या दशकात युद्धविरोधी आणि नागरी हक्कांच्या चळवळीतून आलेले तरुण पक्षात डोकावले, परंतु या चळवळी म्हणजे पुन्हा पूडलच्या कानांतल्या फिती, असेच त्यांना ऐकवण्यात आले. एरिक हॅस १९५२ पासून १९६४ पर्यंत सलग चार वेळा अध्यक्षपदासाठी उभा राहिला. १९७६ चा उमेदवार जूल्स लेव्हिन याला दहा हजारही मते मिळाली नाहीत आणि त्यानंतर पक्षाने अध्यक्षपदाची निवडणूक सोडून दिली.

मुख्य कार्यालय १९७४ मध्ये न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियात पालो आल्टोला आले, पुढे सनीव्हेलला, आणि अखेरीस माउंटन व्ह्यूच्या टपालपेटीचा पत्ता तेवढा राहिला. ज्या भागात आपली निम्मी मंडळी संगणकाच्या नोकऱ्यांसाठी गेली, त्याच भागात, त्याच काळात, काही म्हातारी माणसे १९०५ चा आराखडा पुन्हा छापण्यासाठी तपासत बसलेली होती. ‘द पीपल’ आधी साप्ताहिक, मध्ये १९०० ते १९१४ दैनिक, पुन्हा साप्ताहिक, मग पाक्षिक, मासिक, असे विरळ होत गेले. छापील अंक २००८ मध्ये थांबला आणि त्याच वर्षी राष्ट्रीय कार्यालयही बंद झाले.

पक्षाचे दप्तर विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसन येथील राज्य इतिहास संस्थेत आहे. ‘द पीपल’चे जुने अंक आणि डे लिऑनची व्याख्याने आंतरजालावर वाचता येतात. सुरुवात करायची झाल्यास न्यू बेडफर्डच्या व्याख्यानापासून करावी. हिशेबनीस यांच्या चारशे रुपयांचा प्रश्न मनात ठेवून वाचले तर अधिक चांगले.